घरामागच्या पाखरांची वही

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. "माळ्यावर घुबड आलंय. रात्रभर फुसफुस चालते. सासूबाई म्हणतात, हाकला, नाहीतर घरात काहीतरी वाईट होईल." मी विचारलं, तोंड कसं आहे? "पांढरं. पत्त्यातल्या बदामासारखं."

म्हणजे गव्हाणी घुबड. ते माणसाच्या वस्तीतच राहतं आणि रात्रभर उंदीर मारतं. फुसफुस असते ती भुकेल्या पिल्लांची. माळ्यावर ज्वारीची पोती असतील तर हा बिनपगारी राखणदार. शिवाय 1972च्या वन्यजीव कायद्यानं घुबड मारणं किंवा पकडणं गुन्हा आहे. पिल्लं उडेपर्यंत ताईंनी माळ्याची खिडकी उघडी ठेवली. सासूबाई काही वर गेल्या नाहीत, पण पोती कुरतडायची थांबली हे त्यांनीच सांगितलं.

ताईंनी मला एक विचारलं होतं, "हे सगळं कळायला कुठं जायचं?" त्याचं उत्तर आज देते.

आधी घरातल्या म्हातारीला विचारा. पावशा 'पेरते व्हा' ओरडला की पाऊस जवळ आला, हे तिला ठाऊक असतं. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. जंगलातल्या माणसांकडून ऐकलेली पाखरांची नावं त्यांनी जपून ठेवली आणि 'पक्षिकोश' लिहिला. तालुक्याच्या वाचनालयात तो मागा. नसेल तर मागवून घ्यायला सांगा, गटाच्या नावानं अर्ज दिला की ऐकतात. डॉ. सालिम अली यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक 1941 सालचं. ते इंग्रजीत आहे, पण चित्रं पाहायला इंग्रजी लागत नाही.

मुलीच्या मोबाइलवर 'मर्लिन' नावाचं ॲप घ्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं केलेलं आहे, पैसे पडत नाहीत. भारतातल्या पक्ष्यांचा भाग एकदा उतरवून घेतला की शेतात रेंज नसली तरी चालतं. आवाज ऐकून ते नाव सुचवतं. पण ते चुकतंही. बोअरची मोटर चालू असेल किंवा कोतवाल दुसऱ्याची नक्कल करत असेल, तर त्याच्या भरवशावर राहू नका, पाखरू डोळ्यांनी पाहा. आणि घरट्याजवळ मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवू नका, ती बिथरतात.

पाहायचं कसं? सकाळी उजाडताना मोरीच्या पाण्याशी किंवा पेरूच्या झाडाशी पंधरा मिनिटं गप्प बसायचं. आधी आकार बघायचा: चिमणीएवढं, साळुंकीएवढं की कावळ्याएवढं? मग चोच, शेपटी, चालणं. शेपटी सारखी वरखाली करत जमिनीवर धावतो तो धोबी, थंडीत येतो. काळा-पांढरा, शेपटी उभी धरून गोड शीळ घालतो तो दयाळ. सातभाई कधी एकटे नसतात, कलकलाट करत पाचोळा उलथत फिरतात. कोकिळेचं मात्र गंमतशीर आहे. कुहू करतो तो काळा नर, मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. गातो तो आणि नाव होतं तिचं. आपल्याकडं एरवी उलटंच असतं!

उन्हाळ्यात मातीच्या परळात दोन बोटं पाणी ठेवा, मांजर पोचणार नाही अशा जागी. पाणी रोज बदला. दाणे टाकले नाहीत तरी चालेल, पाण्याला सगळी येतात.

वहीत तारीख, वेळ, पाखरू आणि ते काय करत होतं एवढं लिहा. नाव माहीत नसेल तर 'डोक्यावर शेंडी, बुडाशी लाल' असंही चालेल. त्यावरून बुलबुल ओळखता येतो. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पाखरांची मोजणी होते. 2013पासून भारतातली माणसंही त्यात आहेत, आणि पंधरा मिनिटांची नोंदसुद्धा घेतली जाते. त्याआधी 5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह असतो. चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांमधला हा आठवडा.

जखमी पाखरू सापडलं तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वनखात्याच्या 1926 क्रमांकावर फोन करा. पुढच्या बैठकीला हप्त्याच्या वहीबरोबर ही वहीही आणा. न ओळखलेल्या पाखरांपासून सुरुवात करू.