शब्द सापडेपर्यंत थांबणारा सिनेमा

पहाट उलटून गेली आहे. रात्री नवरा दुसऱ्या बाईकडे गेला होता. बायकोनेही एका परक्या तरुणाला घरी आणलं होतं आणि नंतर झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. आता दोघं घरातल्या जिन्यात बसली आहेत. सिगारेटी ओढतात, खोकतात. वर-खाली करायचं तर एकमेकांचे पाय ओलांडावे लागतात. भांडण संपलंय, पण समेट झालेला नाही.

जॉन कॅसाव्हेटिसच्या ‘फेसेस’चा (१९६८) हा शेवट. या चित्रपटासाठी स्टुडिओ घेतलेला नव्हता. दिग्दर्शकाचं स्वतःचं घर आणि त्याच्या सासूचं घर, हीच चित्रणस्थळं. बायकोची भूमिका करणारी लिन कार्लिन तोवर सेक्रेटरीची नोकरी करत होती. या भूमिकेने तिला ऑस्करचं नामांकन मिळवून दिलं. दुसऱ्यांच्या चित्रपटांत अभिनय करून कॅसाव्हेटिस पैसे मिळवत होता आणि ते यात ओतत होता. सहा महिने चित्रण चाललं, संकलनाला तीनेक वर्षं गेली.

तुटू पाहणारी नाती, मोजके पैसे आणि कलाकारांच्या सुचण्याला दिलेली मोकळीक, असा एक सिनेमा गेली सहा-सात दशकं होत आला आहे. त्याला ‘हौशी’ म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. मला मात्र तो सिनेमातला सर्वांत कष्टाचा प्रकार वाटतो. त्यात पैसा कमी लागतो, पण वेळ आणि धीर अफाट लागतो.

सुरुवात १९५७च्या न्यूयॉर्कमध्ये झाली. कॅसाव्हेटिस अभिनयाची कार्यशाळा घेत होता. तिथल्याच एका प्रसंगातून चित्रपटाची कल्पना निघाली. जीन शेपर्ड यांच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात त्याने श्रोत्यांकडे मदत मागितली आणि लोकांनी खरोखरच पैसे पाठवले. सोळा मिलिमीटर फिल्मवर ‘शॅडोज’ तयार झाला. त्यात तीन कृष्णवर्णीय भावंडं आहेत. बहीण इतकी उजळ आहे की तिच्या गोऱ्या प्रियकराला तिचा वंश कळत नाही. भावाला पाहिल्यावर त्याचा चेहरा बदलतो आणि नातं तिथेच तडकतं. १९५८ साली दाखवलेली पहिली आवृत्ती कॅसाव्हेटिसला पटली नाही. त्याने बरेच प्रसंग लिहून काढले, पुन्हा चित्रित केले आणि १९५९ साली नवी आवृत्ती आणली. तरीही चित्रपटाच्या अखेरीस ‘हे सारं उत्स्फूर्त होतं’ अशा अर्थाची पाटी झळकते.

या विसंगतीतच या पद्धतीचं मर्म आहे. ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’मधले (१९७४) संवाद बहुतांशी लिहिलेले होते. ते कोणत्या भावनेने बोलायचे, हे मात्र जीना रोलँड्स आणि पीटर फॉक या प्रमुख कलाकारांवर सोडलेलं होतं. आपल्या तमाशातली बतावणी आठवून पाहा. कुठून कुठे जायचं हे ठाऊक असतं, वाट मात्र समोरच्याच्या बोलण्यातून फुटते. तयारी नसलेल्याचं तिथे काम नाही. समोरच्याचं कान देऊन ऐकणाराच टिकतो.

ब्रिटनमध्ये माइक ली यांनी याच तत्त्वाला वेगळी शिस्त लावली. त्यांचा पहिला चित्रपट ‘ब्लीक मोमेंट्स’ (१९७१) अभिनेते अल्बर्ट फिनी यांच्या कंपनीच्या पैशावर झाला. गतिमंद बहिणीला सांभाळणारी एक तरुणी आणि तिच्याशी धड बोलूही न शकणारा शिक्षक यांची ही गोष्ट. त्यानंतर चित्रपटगृहासाठी पुढचा चित्रपट करायला ली यांना १९८८ उजाडलं. मधली वर्षं टेलिव्हिजनने तारली. त्यांच्याकडे तयार पटकथा नसते. नट आणि दिग्दर्शक महिनोन्‌महिने पात्रं घडवतात, उत्स्फूर्त सरावातून प्रसंग शोधतात. कॅमेरा सुरू होईपर्यंत संवाद पक्के झालेले असतात. आपल्या पात्राला जेवढं माहीत असेल तेवढंच नटाला सांगितलं जातं. ‘सीक्रेट्स अँड लाइज’च्या (१९९६) सरावात, आपल्या पात्राने दत्तक दिलेली मुलगी कृष्णवर्णीय आहे, हे ब्रेंडा ब्लेथिनला भेट होईपर्यंत ठाऊक नव्हतं. पडद्यावर त्या दोघी रिकाम्या कॅफेत शेजारी-शेजारी बसतात. कॅमेरा हलत नाही, दृश्य तुटत नाही. आई आधी ठाम नकार देते. मग आठवण हळूहळू वर येते आणि तिचा चेहरा कोसळतो. ते पाहताना आपणच तिथे नको होतो, असं वाटतं.

फ्रान्समध्ये एरिक रोमर यांनी पासष्टी गाठता गाठता असा प्रयोग केला. ‘द ग्रीन रे’ (१९८६) अगदी छोट्या चमूने सोळा मिलिमीटरवर चित्रित केला. नायिका डेल्फिन साकारणाऱ्या मारी रिव्हिएरने आपले संवाद ऐनवेळी घडवले. सुट्टीत एकटी पडलेली डेल्फिन पाहुणी म्हणून जेवायला बसते. पानात मांस येतं. आपण ते का खात नाही, हे समजावताना ती आणखी एकटी पडत जाते. प्रेमळ यजमानांमध्ये परकं वाटणं काय असतं, हे या साध्या पंगतीतून कळतं.

पुढे डिजिटल कॅमेरा आला. मार्क आणि जे डुप्लास या भावांनी आईवडिलांच्या कॅमेऱ्यावर अवघ्या तीन डॉलरांत एक लघुपट केला. फोनच्या आन्सरिंग मशीनवर स्वतःची ओळख नीट रेकॉर्ड करता करता एक माणूस ढासळत जातो, एवढंच त्यात घडतं. ‘द पफी चेअर’ (२००५) त्यांनी १५ हजार डॉलरांत केला. वडिलांसाठी घेतलेली खुर्ची पोचवायच्या प्रवासात एका जोडप्याचं नातं उसवतं. पुटपुटत्या बोलण्यामुळे या पिढीच्या चित्रपटांना ‘मंबलकोर’ हे नाव पडलं. लिन शेल्टन यांचा ‘हम्पडे’ (२००९) याच वळणाचा. दोन जुने मित्र एका पैजेत अडकतात आणि मैत्रीतलं न बोललेलं सारं हॉटेलच्या खोलीत उघडं पडतं.

या लाटेची मर्यादाही सांगायला हवी. पुष्कळ चित्रपट एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या शहरी गोऱ्या तरुणांभोवती फिरत राहिले. सैल बोलणं म्हणजेच खरेपणा, असाही समज झाला. कॅमेरा स्वस्त झाला, पण कॅसाव्हेटिसची संकलनाची तीन वर्षं किंवा ली यांचे सरावाचे महिने स्वस्त होत नाहीत.

नातं ताणलं जातं तेव्हा माणसाकडे तयार वाक्यं नसतात. तो अडखळतो, विषय बदलतो, चहा टाकायला उठतो. लेखक टेबलाशी बसून त्याला नेमके शब्द पुरवतो, तिथेच पुष्कळदा प्रसंग खोटा पडतो. हे चित्रपट त्या माणसाला शब्द सापडेपर्यंत थांबतात. आणि नाहीच सापडले, तर जिन्यातल्या त्या दोघांसारखं त्याला गप्प बसू देतात.