हृदयाची झडप आणि छातीवरची पट्टी



विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदलला की आपण लगेच कान टवकारतो. फूटव्हॉल्व्ह गळू लागला की पाणी मागे जातं, आणि मोटार नुसतीच फिरत राहते. आपल्या हृदयाचेही असेच आहे.

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जावे, मागे फिरू नये, हे त्यांचे काम. त्या मिटताना ‘लब-डब’ असे दोन आवाज होतात. झडप नीट मिटेना किंवा आकसली, तर मध्येच फुसफुस ऐकू येते. तिला डॉक्टर ‘मर्मर’ म्हणतात. हे आवाज नीट ऐकू यावेत म्हणून फ्रान्सचे डॉक्टर लेनेक यांनी १८१६ साली रोग्याच्या छातीला कागदाची सुरळी लावली. तीच स्टेथोस्कोपची सुरुवात.

आता छातीवर चिकटवायच्या पट्ट्या निघाल्या आहेत. ठोक्यागणिक छातीची कातडी किंचित थरथरते. पट्टीतला सेन्सर ती थरथर टिपून तिचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो. ही नोंद मोबाईलवर किंवा संगणकावर जाते, व तेथे नेहमीचा आवाज कोणता आणि वेगळा कोणता याची छाननी होते. डॉक्टर मिनिट-दोन मिनिटे ऐकतात. पट्टी तासन्‌तास ऐकू शकते. हाच तिचा मोठा फायदा. यातल्या पुष्कळ यंत्रांवर अजून संशोधन चालू आहे.

पण यंत्रावर सगळा भरवसा टाकू नये. चालताना, बोलताना, कपडा घासला तरी नोंदीत गडबड होते. शिवाय प्रत्येक मर्मर म्हणजे रोग नव्हे. निरोगी मुलांतही तो आढळतो. खात्री होते ती इको तपासणीने. आणि मुख्य गोष्ट, हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली असली तरी आवाज अगदी ठीक असू शकतो. म्हणून छातीत दाब, दरदरून घाम, हाताला किंवा जबड्याला कळ असे झाले, तर पट्टी शोधत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

झडपा बिघडण्याचे एक कारण लहानपणीच सुरू होते. जंतूमुळे घसा सुजतो, त्यावर उपचार होत नाहीत, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, आणि पुढे झडपेला इजा होते. वेळेवर पेनिसिलीन मिळाले तर हे टळते. तेव्हा पोराचा घसा सुजून ताप आला, तर ‘होईल बरा’ म्हणून सोडू नका. मग ते पोर आपल्या घरचे असो की फडावरच्या तोडणी कामगाराचे, डॉक्टरांना दाखवाच.