आधी रिकामा काटा

गेल्या महिन्यात शिरूरच्या एका भंगारवाल्याकडे १.३ मल्टिजेटचं इंजिन काट्यावर चढताना पाहिलं. हेड उतरवलेलं, टर्बो गायब, चेंबरमध्ये जुनं ऑइल तसंच. मालकाने आकडा वाचला, किलोच्या भावाने गुणला आणि इंजिन ढिगावर ढकललं. ज्या आकड्यासाठी मी दहा वर्षं वणवण केली, तो असा वाचला गेला, आणि तोही चुकीचा. पोटात कळ आली.

गॅरेजमधल्या माझ्या आधीच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पद्मिनी असो की मारुती ८००, बल्ली लावून चार जणांनी इंजिन उचलायचं. वजन विचारायचं कुणाला सुचत नव्हतं.

दिवस पालटले ते २००८ नंतर. रांजणगावात फियाट आणि टाटांचा एकत्र कारखाना उभा राहिला आणि १.३ डिझेल आमच्या दारात आलं. १२४८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. लिनिआ, पुंटो, इंडिका व्हिस्टात तेच. मारुतीच्या स्विफ्टमध्येही तेच, फक्त ते हरियाणात बनायचं. जोडण्यांसह १३० किलो, असं त्याचं वजन सगळीकडे छापलं जाई. पण जोडण्या म्हणजे कुठल्या? स्टार्टर, अल्टरनेटर धरले का? क्लच, एसीचा कॉम्प्रेसर? छापणाऱ्यांनी नेमकं तेच गाळलं. प्रत्येक बोल्ट किती ताकदीने आवळायचा ते मॅन्युअलमध्ये असे. भागाचं वजन शोधून सापडत नसे.

याची किंमत मी मोजली आहे. जुनं इंजिन विकणाऱ्या एकाने फोनवर वजन सांगितलं ते नुसत्या इंजिनचं, पाठवलं गिअरबॉक्ससकट. चेन पुलीला टांगलं आणि वरचा पाइप वाकला. हाताखालच्या पोराचं बोट थोडक्यात वाचलं. त्या रात्री वजनांची वही सुरू केली.

पहिल्यांदा पिकअप भुईकाट्यावर नेली. आधी भरलेली, मग रिकामी, वजाबाकी केली. पण तो काटा दहा-दहा किलोंनी सरकतो. ट्रक-ट्रॉलीला चालतं, शंभर-सव्वाशे किलोंच्या वस्तूला नाही. शिवाय मधल्या वेळात जळलेलं डिझेल, कधी केबिनमध्ये राहिलेला ड्रायव्हर, सगळं त्या वजाबाकीत शिरायचं.

मग पारगावचा पूल ओलांडून केडगावला गेलो, कांद्याच्या बाजारात. दुपारी लिलाव उरकल्यावर एका मापाड्याने प्लेट काटा दिला. मी घाईने इंजिन चढवायला लागलो तसा त्याने हात आडवा धरला. ‘‘मिस्त्री, आधी रिकामा काटा बघा. मग नुसती फळी. मग तुमचं काय ते.’’ शून्य आलं, फळीचं वजन आलं, ते वजा झालं, मगच इंजिन. आकडा थरथरत थांबला. त्याने तो तीनदा घेतला आणि तीनही वेळा मोठ्याने वाचला. ऊस आणि कांदा पिकवणाऱ्या या भागात काट्यावरून किती भांडणं झाली आहेत! म्हणूनच असेल, वजन सर्वांसमक्ष वाचायचं असतं हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं होतं.

पुढची वर्षं इंजिन खोललं की तुकडा-तुकडा तोलला. ब्लॉक, क्रँक, हेड, फ्लायव्हील, टर्बो. शेजारच्या रकान्यात ऑइल आहे की काढलं, बेअरिंग कॅप बसवल्यात की नाही. ओतीव लोखंड घनसेंटिमीटरला सव्वासात ग्रॅमच्या आसपास, अॅल्युमिनियम पावणेतीनच्या. म्हणून लोखंडी ब्लॉकला दोन माणसं लागत आणि हेड मी एकटा उचलायचो. तीन लिटर ऑइलचेच अडीच किलोंवर जातात. अशा वेळी ‘अंदाजे’ म्हणणाऱ्याचा मला आजही राग येतो.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि हे इंजिन आपल्याकडे संपलं. आता रांजणगावातून विजेच्या गाड्याही निघतात. बॅटरीचं वजन विचारलं की पूर्ण गाडीचं सांगतात, आणि पेटी उघडू नका म्हणतात. गाडी हाताळणाऱ्याला तिचं वजन भागांसह कळायलाच हवं, हे मागणं कुणालाच महत्त्वाचं वाटत नाही.

त्या दिवशी मी भंगारवाल्याला इंजिन परत चढवायला लावलं. ऑइल काढलं, काटा रिकामा बघितला, फळी वजा केली. वहीत शेवटची नोंद आहे : ‘ब्लॉक, क्रँक, पिस्टन, चेंबरसह. हेड नाही, टर्बो नाही. ऑइल काढून.’ त्याखाली आकडा, तीनदा वाचलेला.