अहवाल येईपर्यंत पालखी यवतला

पाण्याच्या नमुन्याची बाटली आमच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडते तेव्हा तिच्या तळाशी सोडियम थायोसल्फेटचे थोडे थेंब सुकलेले असतात. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पंधरा मिनिटं वाफवलेली, बुचावर खाकी कागद बांधलेली ही बाटली कुणाच्या हातात दिली की हमखास प्रश्न येतो, "मॅडम, एकदा विसळून घेऊ का?" नाही घ्यायची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो बाटलीत बसूनही जंतू मारतच राहतो. पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीत भरलेलं पाणी इनक्युबेटरपाशी पोचेपर्यंत वाटेतच सुधारलं, तर आम्ही तपासणार काय? थायोसल्फेट क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवतो. तोटीतून पडताना पाणी जसं होतं, तसंच आम्हाला हवं असतं.

आमच्याकडे नमुने येतात ते प्राधिकरणातल्या सोसायट्यांचे, एमआयडीसीतल्या कँटीनचे, मुलांच्या वसतिगृहांचे, बोअरचे आणि टँकरचे. सोसायटीत गेलं की मी दोन नमुने घेते. एक महापालिकेच्या जोडणीवर, मीटरजवळच्या नळाचा. दुसरा वरच्या कुठल्यातरी मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला. खालचं चांगलं आणि वरचं वाईट निघालं तर दोष इमारतीच्या टाक्यांत. दोन्ही वाईट निघाले तर गेटच्या बाहेर शोधायचं.

नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे. तोटीला बांधलेलं फडकं, जाळी, रबरी नळी आधी काढायची. दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्यायचं. मग नळ बंद करून, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा चिमट्यात धरून पेटवायचा आणि तोटीच्या तोंडावर फिरवायचा. पितळी तोटीतला उरलेला थेंब चरचरला की पुरे. प्लास्टिकच्या तोटीला जाळ दाखवायचा नाही, ती स्पिरिटने पुसायची. पुन्हा थोडं पाणी सोडून, बुचाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरायची, वर थोडी हवा ठेवायची आणि ती बर्फाच्या पेटीत टाकायची. घरातल्या काकू हे सगळं दारात उभ्या राहून बघतात. एकीनं मला सुनावलंच होतं, "अहो, एक दिवसाआड पाणी येतं आमच्याकडे. तुम्ही ते ओतताय काय, नळ जाळताय काय!" काकूंच्या तक्रारीतलं 'एक दिवसाआड' मात्र महत्त्वाचं आहे. त्याकडे पुढे येतेच.

शहराच्या नळांचं हे पाणी निघतं मावळातून. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या उघड्या पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उपसून निगडीच्या सेक्टर २३ मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं. धरणापासून बंद जलवाहिनी टाकायची योजना होती. पाण्यावरचा आपला हक्क जाईल म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांचा तिला विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले आणि योजनेचं काम थांबलं. पाणी नदीतूनच येत राहिलं. वाटेतल्या गावांचं सांडपाणी, गुरं, धुणी आणि पावसाळ्यातला गाळ असं सगळं सोबत घेऊन ते रावेतला पोचतं.

नदीकडून कुणी फार मोठी अपेक्षा ठेवलेलीही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत, शुद्धीकरण करून पिण्यासाठी घ्यायच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे ५००० पर्यंत कोलिफॉर्म जंतू चालतात. घरच्या नळाला मात्र आयएस १०५०० हे मानक लागू होतं आणि १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलायचा एकही जंतू त्याला खपत नाही. पाच हजारांपासून शून्यापर्यंतचं हे अंतर केंद्रात काही तासांत कापलं जातं. तुरटी किंवा पीएसी (पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड) घातलं की गढूळपणाच्या गाठी होतात, त्यांना चिकटून पुष्कळ जंतू तळाला बसतात. वाळूच्या थरात आणखी अडकतात. उरलेल्यांना क्लोरीन मारतो, आणि मारून झाल्यावरही थोडा शिल्लक राहील इतका तो घातला जातो. ही शिल्लक म्हणजे पाण्याला वाटेसाठी बांधून दिलेली शिदोरी. ग्राहकाच्या नळाशी ती लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेली असावी, असं मानक सांगतं.

प्रयोगशाळेत बाटली आली की आधी ती चांगली हलवायची, मग पंधरा नळ्यांत पाणी वाटायचं. पाच नळ्यांत दहा-दहा मिलिलिटर, पाचांत एकेक, पाचांत एकदशांश. नळ्यांत मॅकॉन्की ब्रॉथ असतं, जांभळं. प्रत्येकीच्या आत बोटाच्या पेराएवढी एक काचेची नळी पालथी बुडवलेली असते, तिला डरहॅमची नळी म्हणतात. रॅक ३७ अंशांवर ठेवायचा आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्याआल्या चप्पल काढायच्या आधी सगळे इनक्युबेटरमध्ये डोकावतात. कोलिफॉर्म असतील तर त्यांनी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन आम्ल केलेलं असतं आणि जांभळ्याचं पिवळं झालेलं असतं. सोबत वायूही सुटतो. पालथ्या नळीच्या टोकाशी तो बुडबुडा होऊन अडकतो. रॅक उजेडाकडे धरून नळीवर टिचकी मारायची. बुडबुडा असला तर नळीवर अधिकची खूण. पिवळी झाली पण बुडबुडा नाही, अशी नळी आणखी २४ तास आत.

एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण काही कोलिफॉर्म मातीतले, पालापाचोळ्यातले असतात. म्हणून खूण पडलेल्या नळ्यांमधला तारेच्या फाशावर मावेल एवढा अंश हिरव्या बाइल ब्रॉथमध्ये आणि दुसऱ्या एका माध्यमात जातो. हे दुसरं माध्यम ४४.५ अंशांच्या पाण्याच्या टबात ठेवतात. उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातून आलेल्या जंतूला ही ऊब सोसते, मातीतल्या बहुतेकांना सोसत नाही. शेवटी कोव्हॅकचं रसायन घातल्यावर वर लाल कडं आलं, म्हणजे ई. कोलाय. मग कुठल्या गटातल्या किती नळ्यांवर खूण पडली ते तक्त्यात बघून १०० मिलिलिटरमधली जंतूंची संभाव्य संख्या मांडायची. एकाही नळीवर खूण नसली तर 'दोनपेक्षा कमी', पंधराही नळ्यांवर असली तर '१६०० पेक्षा जास्त'.

थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या विष्ठेत वर्णन केलेला हा जंतू बहुतेक वेळा कुणाचं वाकडं करत नाही. आपल्या सगळ्यांच्या पोटात तो आहे. पण पाण्यात तो सापडला म्हणजे विष्ठा पाण्यापर्यंत पोचली, आणि टायफॉइड, कॉलरा, कावीळ यांनाही तीच वाट मोकळी आहे. आम्ही शोधतो ती वाट.

या सगळ्याला लागतात दोन ते चार दिवस. म्हणजे काय, ते आकुर्डीत दरवर्षी ज्येष्ठात कळतं. देहूहून निघालेल्या तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. पहिला पाऊस पडून गेलेला, गटारं भरलेली, नदीचं पाणी गढूळ झालेलं, आणि त्यातच गावात हजारो वारकरी. शाळांच्या आवारात, मंडपांत, कुणाच्या पार्किंगमध्ये माणसं टेकलेली असतात आणि जागोजागी पाण्याचे टँकर उभे असतात. त्या संध्याकाळी घेतलेला नमुना मी इमानेइतबारे नळ्यांत भरते. बुडबुडा दिसतो तेव्हा पालखी पुण्यात नाना पेठेत असते. पक्का अहवाल हाती येतो तेव्हा ती लोणी काळभोर सोडून यवतला पोचलेली असते. ज्यांनी ते पाणी प्यायचं ते पिऊन चालते झाले.

म्हणून त्या दिवशी माझ्या पिशवीतली खरी कामाची वस्तू म्हणजे क्लोरोस्कोप, तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची पेटी. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि चढलेला पिवळा रंग शेजारच्या पट्टीशी ताडून बघायचा. गावोगाव याला 'ओटी घेणं' म्हणतात. रंग दहा सेकंदांच्या आत वाचावा लागतो. रेंगाळलं तर अमोनियाशी बांधलेला, कमी ताकदीचा क्लोरीनही रंग देऊ लागतो आणि आकडा उगाच फुगतो. एकदा एका टँकरच्या पाण्याला रंग चढेचना. चालक म्हणाला, "मॅडम, आत्ता भरून आणलाय. बघा की, कसं निवळशंख आहे!" निवळशंख होतंच. बोअरचं पाणी होतं, पण त्यात क्लोरीन औषधालाही नव्हता.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर मागवली. दहा हजार लिटरला लिटरमागे एक मिलिग्रॅम द्यायचा तर क्लोरीन लागतो फक्त दहा ग्रॅम. ३० टक्के ताकदीच्या पावडरीत तो सुमारे ३३ ग्रॅमांत मिळतो. पण पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडून राहिलं, की ताकद उडून जाते. वास तेवढा मागे राहतो. त्यामुळे अंदाज चालत नाही. बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा ओटी घ्यायची. तांब्या हातात घेऊन उभ्या असलेल्या एका माउलींना अर्धा तास थांबा म्हणायला जीव होत नाही, पण म्हणावं लागतं. जंतू मरायला वेळ लागतो. अर्ध्या तासाने नळी पिवळी झाली, तेव्हा तोटी सोडली.

आता काकूंचं 'एक दिवसाआड'. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी एक दिवसाआड येतं. वाहिनीत दाब असतो तोवर फटीतून पाणी बाहेर गळतं. दाब गेला की तीच फट बाहेरचं आत ओढते. जोडणीची नळी गटारातून किंवा ड्रेनेजच्या चेंबरशेजारून गेलेली असेल, आणि वर कुणी थेट वाहिनीला मोटार लावलेली असेल, तर मग विचारायलाच नको. पाणी सुटल्यावरचा पहिला गढूळ लोंढा टाकीत घेऊ नका, हे मी प्रत्येक सोसायटीत सांगते. शिवाय दोन दिवसांचं पाणी साठवायचं म्हणून जमिनीखालच्या टाक्या मोठ्या केलेल्या. साठलेल्या पाण्यात क्लोरीन तासागणिक उतरतो. मीटरपाशी ०.२ च्या वर असलेला आकडा गच्चीवरच्या टाकीत शून्य झालेला मी कितीदा तरी पाहिलाय.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि आमच्याकडे बाटल्यांची रीघ लागली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला होता. लोक विचारत, "तुमच्या टेस्टमध्ये तो दिसेल ना?" नाही दिसणार. आमच्या नळ्यांत तो वाढतच नाही. पण ०.२ ची शिदोरी शाबूत असलेल्या स्वच्छ पाण्यात तो तगही धरत नाही. मी जे दिवसचे दिवस शोधत बसते त्यात तो निसटतो, आणि जे दहा सेकंदांत मोजता येतं तिथे तो अडतो.

मावळातल्या ग्रामपंचायतीला हे ओटी घेणं नवं नाही. तिथे जलसुरक्षक असतो, टीसीएल असते, ओटीची नोंदवही असते. पावसाळ्याआधी आणि नंतर सर्वेक्षण होऊन जोखमीप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आकुर्डीतल्या लिफ्टवाल्या इमारतीत मात्र वर्षातून एकदा काढलेला आमचा अहवाल सूचनाफलकावर काचेत लावलेला असतो आणि टाकीचं झाकण कुणी कधी उघडलं ते कुणाला सांगता येत नाही.

अहवालाचे पैसे मला मिळतात, तरी सांगते. तो काढाच, टाकीला तडा गेलाय का, ड्रेनेज कुठे झिरपतंय का, हे त्याच्यावरूनच कळतं. पण तो सांगतो ते पिऊन झालेल्या पाण्याबद्दल. आजच्या पाण्यासाठी वॉचमनकाकांच्या टेबलावर एक क्लोरोस्कोप आणि एक वही ठेवा. पाणी आलं की गच्चीवरच्या टाकीची ओटी घ्या, तारीख घालून आकडा लिहा. पुढच्या वेळी मी नमुना न्यायला आले की बाटली काढण्याआधी ती वही मागेन.