चारठाण्याच्या स्तंभाजवळ मुलांनी काय शोधावं

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात चारठाणा हे जुन्या देवळांचं गाव आहे. तिथल्या उंच कोरीव स्तंभाला कुणी मानस्तंभ म्हणतं, कुणी दीपमाळ. बारा वर्षांच्या मुलाने यातलं खरं काय ते कसं ठरवावं? मानस्तंभ जैन मंदिरासमोर उभारतात आणि त्याच्या माथ्यावर चारही दिशांना तोंड केलेल्या जिनप्रतिमा असतात. दीपमाळेला पणत्या ठेवण्यासाठी खालपासून वरपर्यंत दगडी हात किंवा कोनाडे लागतात. म्हणजे कुठे बघायचं हे नाव ऐकल्यावरच ठरतं. जिंतूरजवळ नेमगिरीला जैन गुंफा आहेत, म्हणून या मुलखातल्या मानस्तंभाचं नवल वाटायला नको. पण तेवढ्याने हा स्तंभ जैनांचा ठरत नाही. जवळपास असणं हा दुवा झाला, पुरावा नव्हे. भा. रा. भागवतांनी उभा केलेला फुरसुंगीचा बनेश फेणे म्हणजे फास्टर फेणे, किंवा सत्यजित राय यांनी १९६५ साली ‘संदेश’ मासिकात आणलेला गुप्तहेर फेलुदा वाचणाऱ्या मुलांना हा फरक सांगावा लागत नाही. गोष्टीत तो त्यांना सहज पटतो. इतिहासाच्या तासाला मात्र आपण त्यांच्याकडून तयार उत्तर पाठ करून घेतो, हे मला फार खटकतं.

चुन्याशिवाय रचलेलं काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की आपण ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री होता. त्याचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. अंबरनाथच्या देवळालाही हेमाडपंतीच म्हणतात, पण तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० आहे. ज्याच्या नावावर काम मांडलं, तो ते काम झाल्यावर दोनशे वर्षांनी कारभारावर आला! तेव्हा केवळ या नावावरून देवळाचा काळ ठरवता येत नाही, चारठाण्याच्याही नाही. एवढा निष्कर्ष दोन तारखा शेजारी मांडून शाळकरी मुलगी काढू शकते.

मुलांना असे तर्क करू द्या म्हटलं, तर कुणी म्हणेल की इतिहासात कल्पनाशक्तीला वाव देणं धोक्याचं. राक्षसाने एका रात्रीत देऊळ बांधल्याच्या कथा आधीच कमी आहेत का? आक्षेप रास्त आहे, पण कल्पनेवाचून पुरावाही मुका राहतो. ब्राह्मी लिपी कुणालाच वाचता येत नव्हती, तेव्हा जेम्स प्रिन्सेपच्या लक्षात आलं की सांचीच्या अनेक छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतात. धर्मस्थळी भाविक काय कोरवून ठेवतील, याचा त्याने विचार केला आणि तो शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क बांधला. त्यातून ‘द’ आणि ‘न’ हाती आले. ती अक्षरं इतर लेखांत घालून पाहिली तर वाचन जुळत गेलं. हे १८३७ साली घडलं. राक्षसाच्या कथेतही कल्पना आहे, प्रिन्सेपच्या तर्कातही आहे. पण प्रिन्सेपचा तर्क पुढच्याच लेखात खोटा पडू शकत होता, राक्षसाची कथा कधीच पडत नाही. मुलांना शिकवायची ती पडू शकणारी कल्पना.

दुसरी भीती अशी की मुलं उत्साहाच्या भरात दगड उकरतील, मूर्तीचा तुकडा घरी आणतील. खरं तर जागचा हललेला दगड निम्मी साक्ष गमावून बसतो, कारण तो कशाजवळ, कोणत्या तोंडाने पडला होता हीच बहुतेकदा मोठी खूण असते. गुन्ह्याच्या जागी कशाला हात लावायचा नाही, हे रहस्यकथांनी मुलांना आधीच पटवलेलं आहे. तीच शिस्त इथेही लागते. जिंतूर-परभणीकडच्या शिक्षकांना म्हणून विनंती आहे: पुढच्या सहलीत वर्ग चारठाण्याला न्या, स्तंभाचं नाव आधी सांगू नका, वह्या-पेन्सिली द्या, आणि प्रत्येकाकडून एक तर्क व तो कशाने खोटा ठरेल, हे लिहून घ्या.