हरवलेला रोखा आणि सरकारची वही

अमेरिकेच्या अर्थखात्याकडे वीस अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम अशी पडून आहे, की जिच्यावर ते व्याज देत नाही आणि जी मागण्यास कोणी आलेले नाही. नागरिकांनी निरनिराळ्या काळी घेतलेल्या बचत रोख्यांची ही रक्कम. रोख्यांची मुदत केव्हाच संपली. परंतु ते वटवले गेले नाहीत. त्यांतील एक वर्ग विशेष विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात, कोरियात आणि व्हिएतनाममध्ये गेलेल्या सैनिकांनी आपल्या पगारातून घेतलेले रोखे, हा तो वर्ग होय. आज हे वृद्ध सैनिक, किंवा त्यांच्या पश्चात त्यांची मुले, जुन्या ट्रंका धुंडाळून आणि सरकारदरबारी अर्ज करून या रोख्यांचा माग काढीत असतात. सरकारला कर्ज देणारा लहान माणूस ते परत मागायला जातो तेव्हा काय घडते, हे पाहण्यासाठी याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

'ई' मालिकेच्या या रोख्यांची विक्री १ मे १९४१ रोजी सुरू झाली. २५ डॉलर दर्शनी किमतीचा रोखा १८.७५ डॉलरला मिळे आणि दहा वर्षांनी पुरे २५ डॉलर हाती येत. व्याजाचा दर पडे २.९ टक्के. युद्धासाठी पैसा उभारणे हा हेतू होताच, पण तो एकमेव नव्हता. कारखाने तोफा आणि विमाने तयार करू लागले, मजुरी वाढली आणि दुकानांतला माल मात्र घटला, अशा वेळी लोकांच्या हातची क्रयशक्ती शोषून घेतली नाही तर भाववाढ अटळ असते. इंग्लंडमध्ये केन्स यांनी १९४० मध्ये सक्तीच्या बचतीचा, युद्धानंतर परत करावयाच्या वेतनाचा, पुरस्कार केला होता. अमेरिकेचे अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाउ यांनी सक्ती नाकारून स्वेच्छेचा मार्ग धरला, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेआठ कोटी अमेरिकनांनी रोखे घेतले.

सैन्यात स्वेच्छा या शब्दाला थोडी निराळी छटा असते, हे सांगावयास नकोच. तुकडीतील किती जणांनी कपातीच्या अर्जावर सही केली याची टक्केवारी वर जाऊ लागली, की सही न करणारा उठून दिसतो. १९४४ मध्ये खास सैनिकांसाठी दहा डॉलरचा रोखा काढण्यात आला. तो साडेसात डॉलरला मिळे आणि इतर नागरिकांना तो घेता येत नसे. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६७ ते १९७० या वर्षांत, 'ई' रोख्यांच्या जोडीला 'फ्रीडम शेअर्स' नावाची बचतपत्रे विकली गेली. पद्धत तीच. महिन्याच्या महिन्याला पगारातून ठराविक रक्कम वळती होई आणि रोखा आईच्या वा पत्नीच्या पत्त्यावर धाडला जाई, अथवा सैन्याच्याच वित्त कार्यालयात सुरक्षित ठेवला जाई. एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाने तो कागद डोळ्यांनी पाहिलाही नाही, असे पुष्कळदा घडले असणार. तो परत आला, गाव बदलले, आई वारली, घर विकले गेले. कागद कोठे गेला ते सांगणारे कोणी उरले नाही.

माणसाच्या विसराळूपणाला सरकारनेही हातभार लावला, हे येथे नमूद केले पाहिजे. १९५१ मध्ये पहिल्या रोख्यांची दहा वर्षे भरत आली तेव्हा लोकांनी एकदम पैसे मागू नयेत म्हणून मुदत आणखी दहा वर्षांनी वाढविण्यात आली. रोखेधारकाने काहीच करावयाचे नव्हते. नुसते स्वस्थ बसावयाचे होते. पुढे ही मुदत आणखी वाढत जाऊन डिसेंबर १९६५ पूर्वीच्या रोख्यांसाठी एकूण चाळीस वर्षे आणि नंतरच्यांसाठी तीस वर्षे झाली. म्हणजे १९४४ चा रोखा १९८४ पर्यंत व्याज कमावीत राहिला आणि मग थांबला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत अमेरिकेतील किमती तिप्पट झाल्या. तेव्हा न वटवलेल्या त्या रोख्याची खरेदीशक्ती एक-तृतीयांशावर आली, आणि उरलेल्या दोन-तृतीयांशांचा लाभ ऋणको असलेल्या सरकारला झाला. प्राप्तिकराचा नियम मात्र असा, की रोखा वटवो वा न वटवो, साचलेल्या व्याजावरचा कर अंतिम मुदत संपते त्याच वर्षी देय होतो. करवसुलीच्या बाबतीत सरकारची स्मरणशक्ती अशी तल्लख असते!

परंतु खरी अडचण याच्याही पुढची आहे. मुदत संपलेला रोखा हाती असेल तर तो केव्हाही वटवता येतो. तो हरवला असेल, तर खरेदीचा सुमारे महिना आणि वर्ष, त्यावरील नाव व पत्ता आदी तपशील देऊन दावा करावा लागतो. मात्र अंतिम मुदत संपून सहा वर्षे उलटली असतील, तर रोख्याचा अनुक्रमांक दिल्याखेरीज दाव्याचा विचारच होत नाही, असा नियम आहे. अनुक्रमांक छापलेला असतो हरवलेल्या कागदावर! १९६८ मध्ये व्हिएतनामला गेलेल्या सैनिकाच्या रोख्याची मुदत १९९८ ला संपली आणि दाव्याची ही वाट २००४ मध्ये बंद झाली. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा तो साठीकडे झुकून जुन्या कागदपत्रांची आवराआवर करू लागला होता.

या नियमाला काहीच आधार नाही असे नव्हे. एकाच रोख्याचे पैसे दोनदा दिले जाऊ नयेत, वारसांच्या नावाने तोतये उभे राहू नयेत, ही काळजी खजिनदाराने घेतलीच पाहिजे. जुन्या नोंदींत शोध घेणेही सोपे नाही. १९७४ पूर्वीच्या बहुतेक रोख्यांवर सामाजिक सुरक्षा क्रमांक नाही. नावे सारखी, पत्ते जुने. त्यात १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील लष्करी अभिलेखागाराला लागलेल्या आगीत एक कोटी साठ लाखांहून अधिक सेवापुस्तिका जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ऐंशी टक्के. तेव्हा, आपण अमुक काळात अमुक ठाण्यावर होतो हे सांगणारा कागदही अनेकांजवळ राहिला नाही. तथापि, अनुक्रमांक आणि नाव यांची सांगड घालणारी नोंद विक्रीच्या वेळी सरकारनेच केली होती. स्वतःच्या वहीत असलेला आकडा दुसऱ्याकडून मागणे, हे सावधगिरीचे लक्षण म्हणता येणार नाही.

या रकमेवर मधल्या काळात घटक राज्यांनीही हक्क सांगितला. कॅन्सस आदी राज्यांनी कायदे करून बेवारस रोख्यांची मालकी आपल्याकडे घेतली आणि संघराज्य सरकारकडे पैसे मागितले. ऑगस्ट २०१९ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ही मागणी फेटाळली. न्यायालयाच्या युक्तिवादाचा एक भाग असा, की राज्य हे मूळ मालकाच्या जागी आले असे मानले तरी मूळ मालकाला नसलेला अधिकार त्याला मिळत नाही. राज्यांपाशीही अनुक्रमांक नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने केलेल्या कायद्याने अर्थखात्यावर अशा रोख्यांची माहिती राज्यांना पुरविण्याची जबाबदारी टाकली, जेणेकरून राज्यांनी मालकांचा शोध घ्यावा. वही उघडली जाण्यास पहिल्या विक्रीपासून ८१ वर्षे लागली.

आपल्याकडे १९४० मध्ये टपाल खात्याने दहा वर्षांची संरक्षण बचत प्रमाणपत्रे विकली होती. त्यांचा वारसा पुढे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांकडे आला. शिक्षक, कारकून आणि सैनिक यांच्या कपाटात १ जुलै २०१६ पूर्वीची छापील प्रमाणपत्रे अजूनही निघतात. २०१५ च्या वित्त कायद्याने ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी स्थापून अल्पबचतीतील बेवारस रकमा तिकडे वळविण्याची तरतूद केली. निधीत जमा झाल्यापासून २५ वर्षांपर्यंत मालकाला वा वारसाला ती मागता येते. पुढे ती सरकारजमा होते. बँकांतील बेवारस ठेवी नावावरून शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' ही सोय सुरू केली. टपाल खात्याच्या जुन्या प्रमाणपत्रांसाठीही नावानिशी शोध घेता येईल अशी एकत्रित सूची असावयास हवी, आणि ती २५ वर्षांची मुदत भरण्याच्या आत तयार व्हावयास हवी. कारण निधीत २०१६-१७ च्या सुमारास जमा झालेल्या रकमांची ही मुदत २०४१-४२ मध्ये संपते.