पांगळ्या मांजराचा हिवाळा

वर्धा नदीच्या काठी, चंद्रपूरपासून काही कोसांवर, घुग्घुस हे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. चंद्रपूरकडचा उन्हाळा साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. वैशाखात तेथे पारा ४५ अंशांच्याही वर जातो. त्यामुळे या भागात कडाक्याची थंडी पडते, हे दूरच्या लोकांना सहसा खरे वाटत नाही. परंतु मार्गशीर्ष-पौषात उत्तरेकडील कोरडे वारे वाहू लागले, म्हणजे पहाटे कवेलूंच्या घरांतून आणि खाणकामगारांच्या वसाहतींतून माणसे कांबळी पांघरून शेकोटीभोवती बसलेली दिसतात. अशा वेळी घरातील मांजर कोठे असते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

लक्ष देऊन पाहिले, तर एक गमतीची गोष्ट दिसून येते. धडधाकट मांजर हिवाळ्यात एका जागी राहत नाही. पहाटे ते चुलीच्या वैलाजवळ असते. सूर्य वर आला, की पूर्वेकडच्या ओसरीवर येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून दुपारी ते घराच्या दक्षिण भिंतीशी पाय ताणून पडते. संध्याकाळी तापलेल्या कवेलूंवर जाऊन बसते आणि रात्री कोणाच्या तरी गोधडीत हळूच शिरते. थोडक्यात, ऊब जिकडे जाईल तिकडे मांजर जाते.

याचे कारण त्याच्या शरीरात आणि त्याच्या कुळात आहे. पाळीव मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील उष्ण, कोरड्या प्रदेशांत राहणारी रानमांजरे होत. मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश, म्हणजे माणसापेक्षा थोडे अधिक असते. भोवतालची हवा सुमारे ३० अंशांहून थंड झाली, की ही ऊब टिकवण्यासाठी त्याला जास्त अन्न जाळावे लागते. जी हवा शाळेतल्या मुलाला आल्हाददायक वाटते, ती मांजराला थोडी गारच वाटत असते. म्हणून ते सदान्‌कदा ऊन शोधीत असते. त्याला आळशी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता ज्या मांजराचे पाय चालत नाहीत, त्याची स्थिती कशी होत असेल? एखादे मांजर वाहनाखाली सापडून लंगडे होते. एखाद्याच्या पाठीला मार बसून मागचे पाय लुळे पडतात. परंतु सर्वांत अधिक मांजरे पांगळी होतात ती म्हातारपणामुळे. सांध्यांतील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे मऊ अस्तर असते. वयाबरोबर ते झिजते आणि मग प्रत्येक उडी दुखू लागते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांहून अधिक वयाच्या १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासण्यात आली. त्यांपैकी ९० मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. त्यांच्या मालकांपैकी पुष्कळांना त्याची कल्पनाही नव्हती. कारण मांजर आपले दुखणे लपवते. रानात दुबळेपणा दाखवणे म्हणजे शत्रूला बोलावणे होय, आणि ही रानातली सवय मांजराने घरातही सोडलेली नाही. ते ओरडत नाही. नेहमीच्या खिडकीवर उडी मारण्याचे तेवढे बंद करते, किंवा आधी पाटावर व मग खिडकीत अशी दोन टप्प्यांत चढते. पाठीवरचे केस त्याला चाटता येत नाहीत, म्हणून ते विस्कटून त्यांच्या गुठळ्या होतात. नखे वाढून वाकतात, कधी कधी तर तळव्याच्या गादीत रुततात. कंबरेला हात लावला, की एरवीचे गरीब मांजर गुरगुरते. ही चिन्हे दिसली, की त्या मांजराच्या हिवाळ्याची चिंता घरच्यांनी करावयास पाहिजे.

अशा मांजराची थंडी दोन बाजूंनी वाढते. स्नायूंची हालचाल झाली म्हणजे शरीरात उष्णता उत्पन्न होते. जे मांजर फारसे हलत नाही, त्याच्या शरीरात ही उष्णता कमी उत्पन्न होते. आणि न वापरलेले स्नायू रोडावत गेल्यामुळे ती आणखी घटते. दुसरी गोष्ट अशी, की निरोगी मांजर थंडीत नाक शेपटीत खुपसून चेंडूसारखे गोल होते. त्यामुळे हवेला लागणारा शरीराचा पृष्ठभाग कमी होतो व ऊब आत राहते. ताठरलेल्या पाठीच्या मांजराला असे गोल होता येत नाही. ते लांब पसरून पडते आणि त्याची ऊब चहूकडून निघून जाते.

सर्वांत जास्त ऊब चोरते ती जमीन. हे कोणालाही करून पाहता येईल. सकाळी एक पाय सतरंजीवर आणि दुसरा फरशीवर ठेवावा. फरशी पुष्कळ अधिक थंड वाटेल. वास्तविक दोन्ही एकाच खोलीत रात्रभर असल्यामुळे त्यांचे तापमान जवळजवळ सारखेच असते. परंतु फरशी पायातील उष्णता झरझर ओढून घेते. सतरंजीच्या धाग्यांत अडकलेली हवा ती तितक्या वेगाने जाऊ देत नाही. म्हणून पांगळ्या मांजरासाठी पहिली सोय अंथरुणाची. जमिनीवर लाकडी फळी ठेवावी. तिच्यावर तणशीचा वीतभर थर पसरावा, आणि वर लोकरीचे जुने कापड किंवा गोधडीचा तुकडा घालावा. धानाच्या या प्रदेशात तणसाला तोटा नाही. तणशीच्या पोकळ काड्यांत हवा कोंडलेली असते, म्हणून ती चांगली ऊब धरते. मात्र ती ओली झाली, की लगेच बदलली पाहिजे. ओले अंथरूण हे नसलेल्या अंथरुणापेक्षा वाईट असते.

हे अंथरूण कशात ठेवावे, याचाही विचार करावा लागतो. लोखंडी घमेले गार पडते. उंच काठाच्या टोपल्यात पांगळ्या मांजराला शिरता येत नाही. जुने, टाकून दिलेले सूप मात्र फार सोयीचे असते. त्याला तीन बाजूंना काठ असतो, म्हणून वारा अडतो. चौथी बाजू मोकळी असते, म्हणून मांजर सरपटतही आत जाऊ शकते. मांजर मोठे असल्यास बांबूच्या टोपल्याची एक बाजू कापून घ्यावी व कापलेल्या टोकांना जाड चिंधी गुंडाळावी. कारण बांबूची धार सुरीसारखी लागते. हे बिऱ्हाड दाराच्या फटीसमोर नसावे.

ऊब देण्याची गोष्ट वरवर सोपी वाटते, पण खरा धोका तेथेच आहे. रबरी पिशवीत किंवा बाटलीत गरम पाणी भरून अंथरुणात ठेवण्याची पद्धत चांगली आहे. पाणी उकळते नसावे. पिशवीला दोन पदरी कापड गुंडाळून ती मनगटावर बराच वेळ धरून पाहावी. तेथे चटका बसला नाही, तरच ती मांजराजवळ ठेवावी. ती अंथरुणाच्या एकाच कडेला असावी, म्हणजे नको असेल तेव्हा मांजराला दूर होता येईल. ज्याला मुळीच सरकता येत नाही, त्याच्याजवळ पिशवी ठेवून निघून जाऊ नये. अंगावरच्या केसांमुळे मांजराला चटका उशिरा समजतो, आणि लुळ्या पडलेल्या पायांत तर पुष्कळदा संवेदनाच नसते. कातडी भाजून फोड येतो तो दुसऱ्या दिवशी दिसतो. पाणी निवले, की पिशवी काढून घ्यावी. नाहीतर ती उलट मांजराचीच ऊब घेऊ लागते.

घुग्घुसमध्ये कोळसा हाताशी असल्यामुळे थंडीत शेगडी, म्हणजे इकडची सिगडी, पेटवण्याची चाल आहे. धूर निघून गेला व निखारे लाल झाले, की सिगडी घरात आणावी आणि दार लावून घ्यावे, त्यात काही धोका नाही, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज प्राणघातक आहे. लाल निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. झोपलेल्या माणसाला काही कळण्यापूर्वी शुद्ध हरपते. खाणकामगारांना हा वायू जुना शत्रू म्हणून माहीत आहे. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कामगार पूर्वी कॅनरी जातीचा लहान पक्षी पिंजऱ्यात घालून आत नेत. लहान जिवाचा श्वास जलद चालतो, म्हणून विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर आधी होई आणि माणसे सावध होत. १९८६ साली तेथे या पक्ष्यांच्या जागी यंत्रे आणण्याचे ठरले. बंद खोलीत सिगडीजवळ ठेवलेल्या पांगळ्या मांजराची गत त्या पक्ष्यासारखीच होते. फरक एवढाच, की त्या खोलीत जागे कोणी नसते. म्हणून झोपण्याच्या खोलीत सिगडी मुळीच ठेवू नये.

दिवसा मात्र ऊब फुकट मिळते. धडधाकट मांजर जो फेरा स्वतः करते, तो पांगळ्या मांजराला उचलून करवावा. सकाळी पूर्वेची ओसरी, दुपारी दक्षिण भिंत, ऊन कलले की घरात. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागील भागाखाली घालावा. मानेच्या कातडीला धरून लोंबकळवू नये. जे मांजर स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी. तसे न केल्यास हाडांवरची कातडी दबून तेथे जखमा होतात. उन्हात बसवले असतानाच मऊ ब्रशने केस विंचरावेत. थंडीत आंघोळ घालू नये. लघवीने अंग भरले असेल, तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे.

अन्न, पाणी आणि मलमूत्राची जागा ही तिन्ही अंथरुणापासून चार पावलांत असावीत. मात्र अगदी एकमेकांना चिकटून नसावीत. नदीची कोरडी वाळू उथळ थाळीत पसरून ठेवावी. बाहेर जाणे जमत नाही म्हणून मांजर लघवी दाबून ठेवते, आणि थंडीत पाणीही कमी पिते. यातून मूत्रमार्गाचे आजार होतात. बोका पुनःपुन्हा बसतो पण लघवी होत नाही, असे दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवले पाहिजे. प्यावयास पाणी किंचित कोमट द्यावे. दूध हे मांजराचे अन्न, असे सगळीकडे ऐकू येते; परंतु पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही, आणि ज्याला उठता येत नाही अशा मांजराला हगवण लागणे यासारखा त्रास नाही.

सोयी कितीही चांगल्या असल्या, तरी मार्जारकुळातील प्राण्यावर त्या लादता येत नाहीत. याचा अनुभव चंद्रपूर जिल्ह्यातील एका वाघाच्या बाबतीत आला. २०१२ साली या जिल्ह्याच्या जंगलात शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यांत दोन वाघ अडकले. एक मरण पावला. दुसरा वाचला, परंतु त्याच्या पुढच्या एका पायाचा पंजा निकामी झाला. त्याला नागपूरला नेण्यात आले. साहेबराव या नावाने तो पुढे ओळखला जाऊ लागला. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभुळकर यांनी पशुवैद्यांच्या साहाय्याने त्याच्या पायातील वेदना कमी व्हाव्यात म्हणून शस्त्रक्रिया केली, आणि जानेवारी २०२० मध्ये गोरेवाडा येथे त्याला भूल देऊन कृत्रिम पंजा बसवला. मोठ्या मेहनतीने केलेला तो पंजा साहेबरावाने गुंगी उतरल्यावर झटकून टाकला. घरच्या मांजराचेही असेच असते. त्याला स्वेटर घातला, तर पुष्कळदा ते जागच्या जागी आडवे पडते किंवा त्यातून सुटण्यासाठी धडपडते आणि दुखरा पाय आणखी दुखावून घेते. नवे अंथरूण त्याला नको असेल, तर त्यावर घरातील माणसाचे वापरलेले कापड ठेवावे. ओळखीच्या वासाने ते एखाद्या दिवसात तेथे रुळते.

औषधाच्या बाबतीत मात्र प्रयोगाला जागा नाही. माणसांच्या अंगदुखीवर व तापावर दिली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. कारण ते औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची शक्ती त्याच्या यकृतात पुरेशी नसते. कापूर किंवा निलगिरी तेल असलेले मलमही लावू नये. मांजर अंग चाटते, आणि लावलेले सर्व पोटात जाते. त्याच्यासाठी वेदनाशामक औषधे आहेत. ती पशुवैद्याने वजन पाहून द्यावयाची असतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कालपर्यंत चालणारे मांजर एकाएकी मागचे पाय ओढू लागले, ते पाय हाताला गार लागले आणि ते वेदनेने ओरडू लागले, तर ती थंडी नव्हे. रक्ताची गुठळी अडकून पायांचा रक्तपुरवठा बंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी शेकत बसण्यात एक घटकाही घालवू नये.

माघ सरत आला, की घुग्घुसमध्ये दुपारचे ऊन बोचू लागते. पौषात जे मांजर भिंतीशी ठेवले असता सुखाने डोळे मिटून घेत होते, ते आता तेथे तोंड उघडून धापा टाकू लागते. आणि धडधाकट मांजराप्रमाणे उठून सावलीत जाणे त्याला शक्य नसते. म्हणून शिमगा येण्यापूर्वीच त्याचे सूप दक्षिण भिंतीपासून हलवून माठाच्या बाजूच्या गार जमिनीवर आणावे लागते, आणि खालची फळी व तणस त्या दिवशी काढून टाकतात.